चिंचपोकळी ते नैरोबी

१७ फेब्रुवारी ८३

सुलभा गेली. विमान अडीचचं, सुटलं चारला. आत जाताना तिने एकदाच मागे बघितलं, मग हंसाबेनची चाकाची खुर्ची ढकलत पुढे. काचेतून हिरवं पातळ दिसत होतं तोवर नंदा हात हलवत होती. मग म्हणाली, बाबा, भूक लागली.

दोन बस बदलून घरी. आबा खाटेवर बसून वाट बघत होते. "पोचली?" म्हटलं नाही, सहा तास लागतात. आबांनी बोटीचा हिशेब लावला. "आमची बोट सकाळी वेंगुर्ल्यासून सुटली काय दुसऱ्या दिसा धक्क्यार. सहा तासात रत्नागिरी पण येय नाय." म्हटलं आबा, हे विमान. "होय तां. म्हंजे लांब नाय."

भात खाली लागला. नंदाने वरवरचा खाल्ला.

१८ फेब्रु.

घरातलं कोणी गेलं की घर रिकामं वाटतं म्हणतात. दहा बाय बाराच्या खोलीत तसं काही वाटत नाही. एक चटई पसरायला जागा झाली, एवढंच.

हे ठरलं कसं ते लिहून ठेवतो, नंतर प्रत्येकजण वेगळं सांगेल. गिरण्यांच्या संपाला वर्ष होऊन गेलं. मी विणकाम खात्यातला, घरी बसलेला. गेल्या उन्हाळ्यात सु. गिरगावात हंसाबेनकडे पोळ्या करायला लागली. हंसाबेन एकट्या, गुडघे गेलेले. मुलगा किरीटभाई नैरोबीला, आफ्रिकेत, तिथे लोखंडी सामानाचं दुकान. तो सारखा बोलावायचा. त्या म्हणायच्या, सुलू येत असेल तर मी येते. आधी थट्टेत. मग एक दिवस पासपोर्टाचा कागदच आला. एक वर्ष राहायचं, हंसाबेनचं सगळं करायचं, जाणं-येणं त्यांच्याकडे. चाळीत बातमी फुटली तेव्हा लोक मला विचारायला लागले, तू कसा काय पाठवतोस? जसं काही मीच तिकीट काढून दिलंय.

२० फेब्रु.

नंदाने नकाशाच्या पुस्तकात पट्टी लावून काढलं. नंतर बाईंना विचारून आली. साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. सगळा समुद्र. आपण गावाला जातो ते पाचशे, आणि एस्टीला चौदा तास. तिला हे फारच गमतीचं वाटलं. "म्हणजे आई गावापेक्षा जवळ आहे." आबांना पण तेच सांगितलं. आबांनी मान डोलावली.

६ मार्च, रविवार

पहिला फोन. खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. कंपाउंडर वर हाक मारत आला, चप्पल न घालता धावलो. आपण बोललेलं तिकडे जाऊन परत यायला वेळ लागतो. ती "जेवलात का" विचारते तेव्हा मी आधीच "थंडी आहे का" विचारलेलं. मग दोघं गप्प. मग दोघं एकदम. असाच निम्मा वेळ गेला. नंदाला दोनच वाक्यं मिळाली. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ, इकडे अकरा.

आवाज बरा होता.

१४ मार्च

पत्र आलं. निळा कागद, तिन्ही बाजूंनी लिहिलेला. टाकल्याची तारीख २८. म्हणजे विमानाने येऊन पण इतके दिवस. हे विमान मध्ये कुठे कुठे उतरतं कोण जाणे.

बंगला मोठा, भोवती कुंपण, फाटकावर पहारेकरी. माती लाल, आपल्या गावासारखी. स्वैपाकघरात वांजिरू म्हणून तिथलीच एक बाई आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पाण्याला तिकडे माजी म्हणतात. ते लोक मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात आणि पालेभाजीबरोबर खातात. "मला चालते," लिहिलंय.

शेवटी: "नंदाच्या वेण्या घट्ट घालू नका, तिचं डोकं दुखतं."

नंदा आता वेण्या स्वतःच घालते. हे लिहायचं राहिलं होतं.

२१ एप्रिल

लालबागला मसाला कुटायच्या डंखावर लागलो. मिरचीचे दिवस, बायकांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. पोती उचलायची, कुटलेलं चाळायचं. मागाच्या आवाजाची सवय होती, हा आवाज वेगळा, वरून खाली आपटणारा. हात दिवसभर जळतात. संध्याकाळी खोबरेल लावलं. डोळ्याला हात लागला तर संपलंच.

गिरणीतले दोघं भेटले. बघून न बघितल्यासारखं केलं. मीही केलं.

३ मे

दत्ताराम कामावर गेला.

पलीकडच्या खोलीतला दत्ताराम. आम्ही एकाच साली लागलो, एकाच खात्यात, एकाच गेटबाहेर गेलं वर्ष उभे राहिलो. आज सकाळी डबा घेऊन गॅलरीतून गेला. माझ्या दाराशी पावलं जरा थांबली. मी मोरीत भांडी घासत होतो, उठलो नाही. त्याच्याकडून कागदावर सही घेतली म्हणे, की संपाशी संबंध नाही. त्यालाही तीन पोरं आहेत हे मला माहीत आहे.

आबा म्हणाले, "बोल त्याच्याशी." म्हटलं बघू.

२९ मे

दत्तारामशी बोलणं नाही. नळावर समोरासमोर आलो. त्याची बादली आधी होती. त्याने बाजूला घेतली. मी भरली नाही.

१४ जून

नंदा शाळेतून लवकर आली. दप्तर मागे धरलेलं. सरळ मोरीत गेली, पडदा ओढला, बाहेर येईना.

"पोट दुखतंय का?"

"तुम्ही जा."

"अगं, पण झालं काय?"

"बाबा, तुम्ही जा ना. आईला बोलवा."

बोलून झाल्यावर तिलाच कळलं काय म्हणाली ते. रडायला लागली. मलाही तोवर समजलं.

घरात मी आणि आबा. गॅलरीत आलो. दत्तारामचं दार उघडं. कुसुमवहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, नंदा..." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आल्या. आबांना हात धरून बाहेर आणून बसवलं आणि दार लावून घेतलं.

दत्ताराम पहिली पाळी करून आडवा झाला होता. उठून कठड्याशी आला. आम्ही दोघं खालच्या हातगाड्या बघत उभे.

"कितवीत गेली?"

"सातवीत."

"मोठी झाली."

"हो."

मग त्याने बिडी पुढे केली. घेतली.

१५ जून

वहिनींनी शिरा करून आणला. नंदाला आज शाळा नाही. ती माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघत नाही, आणि दोघं अगदी नीट वागतोय.

सु.ला पत्र लिहिलं. तीन ओळी झाल्या. चौथी जमली नाही. तिला हे कळेपर्यंत जून संपेल. विमानात बसली तर आज जेवायला येऊ शकते.

२६ जून, रविवार

फोन. पत्र तिला पोचलं नव्हतं. दवाखान्यात पेशंट, कंपाउंडर पुढ्यातच. कसं सांगणार? म्हटलं, "नंदाचं... कुसुमवहिनींनी केलं सगळं. बरी आहे." वाटलं लाईन गेली. मग आवाज आला, "कधी?" म्हटलं बारा दिवस झाले. "घाबरली का?" म्हटलं थोडी. "माझी आठवण काढली?"

म्हटलं काढली.

नंदाला फोन दिला. ती नुसती हूं हूं करत होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कंपाउंडरलाही बाहेर बोलावलं, उगीच, औषधाचं विचारायला.

१८ ऑगस्ट

नंदा आणि तिची आई आता वेगळी पत्रं लिहितात. चिकटवलेली असतात. मी पोस्टात टाकतो.

१२ सप्टेंबर

गावच्या घरी गणपती, यंदा गेलो नाही. एस्टीची गर्दी, आबांना झेपत नाही. दत्तारामकडे आरतीला. वहिनींनी नंदाला मोदक वळायला बसवलं. तिच्या कळ्या बऱ्या पडल्या. दत्ताराम गिरणीचं काही सांगत नाही, मी विचारत नाही. बाकी सगळं बोलतो.

नैरोबीला दोघींनी, सु. आणि वांजिरूने, मक्याच्या पिठाचे मोदक करून पाहिले. फुटले.

४ जानेवारी ८४

पत्र. दोन गोष्टी.

एक. फेब्रुवारीत वर्ष भरतं, पण हंसाबेनना कमरेखाली आता काही राहिलेलं नाही. अंघोळ, उठवणं-बसवणं सगळं सु. करते. त्या म्हणतात मी आहे तोवर जाऊ नको. "मला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही. तुम्ही सांगाल तसं."

दोन. किरीटभाईंच्या ओळखीच्या एका माणसाची शहराबाहेर विणकामाची शेड आहे. साधे माग. माग समजणारी माणसं पाहिजेत. "मी तुमचं नाव सांगितलंय. पासपोर्ट करून ठेवा."

नाव सांगितलंय. मला न विचारता.

९ जानेवारी

अजून उत्तर लिहिलं नाही. दत्तारामला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं की. म्हटलं बायकोने नोकरी लावून द्यायची? तो म्हणाला, "माझी बायकोने लावलेली नाही, मीच लावलीय. म्हणून तू मला कुठे चांगलं म्हणतोस?"



१७ जानेवारी

लिहिलं. हंसाबेनजवळ राहा. दुसऱ्या गोष्टीबद्दल काही नाही लिहिलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

फोन. सु. म्हणाली, "शेडचं काय?" मी म्हटलं, "नंदाची परीक्षा मार्चमध्ये." तिने पुन्हा विचारलं नाही. वर्ष होऊन दोन दिवस झाले हे दोघांनाही माहीत होतं.

१२ मार्च

गेटवर गेलो होतो.

घरी सांगितलं नाही. डंखाला सुट्टी म्हणून बाहेर पडलो आणि पाय तिकडेच गेले. गेटच्या बाहेरची चहाची टपरी बंद. आत टाइमकीपर ओळखीचे, कारकुनी खिडकीत. म्हणाले, "मोहन, फार उशिरा आलास रे." म्हटलं, सही करायला आलोय. त्यांनी चष्मा काढला. विणकाम खात्यातले निम्मे माग झाकून ठेवलेत. आत आहेत त्यांनाच रोज काम पुरत नाही. "नाव लिहून ठेवतो. निरोप पाठवीन."

सही करून झाली असती तर इतकं वाटलं नसतं. सही करायला गेलो, आणि ती पण कुणाला नको होती.

बाहेर पडताना दत्ताराम समोर. दुसऱ्या पाळीला निघालेला. खांद्यावर हात ठेवला आणि आत गेला.

१९ मार्च

पासपोर्टाचा फॉर्म भरला. दत्तारामनेच आणून दिला.

२७ एप्रिल

चौकशीला पोलीस आला. वहिनींच्या खुर्चीवर बसला.

"कुठे जाणार?"

"ठरलं नाही."

"मग पासपोर्ट कशाला?"

आबा मध्येच म्हणाले, "सून आफ्रिकेत आसा." त्याने आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सून आफ्रिकेत आणि मुलगा इथे?" चहा पिऊन गेला. चांगला माणूस होता.

१२ मे

कंपाउंडर अवेळी आला. सु.चा फोन. हंसाबेन गेल्या. सकाळी पाय चेपत होती, बोलत होत्या, पाणी मागितलं, आणून देईपर्यंत गेल्या.

सु. रडत नव्हती. सावकाश, एकेक गोष्ट सांगत होती. त्यांना अंघोळ घातली, साडी नेसवली, किरीटभाईंच्या बायकोला हात लावायची भीती वाटत होती. मग म्हणाली, "माझं काम संपलं." म्हटलं, ये. "तेराव्यापर्यंत थांबते. मग घर आवरून देते. मग तिकिटाचं बघतील."

वर आल्यावर नंदाने विचारलं, आई कधी येणार? म्हटलं, आता येणार. "आता म्हणजे?" म्हटलं जुलै धर.

८ जुलै, रविवार

आली.

विमान अकराचं होतं, पाचला उतरलं. कुठे थांबलं ते कोणी सांगेना. आम्ही नऊपासून. नंदा एका जागी बसून राहिली, उठून पाणीसुद्धा प्यायली नाही. माणसं यायला लागली तशी पुढे गेली आणि मग मागे येऊन माझ्या बाजूला उभी राहिली.

सु. स्वेटर घालून, पायात बूट. जाड झाली नाही, रोडही नाही. केस मागे ओढून बांधलेले. नंदासमोर आली आणि थांबली. नंदा तिच्यापेक्षा दोन बोटं उंच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सु. म्हणाली, "वेण्या कापल्यास?" नंदा म्हणाली, "तुला लिहिलं होतं की." आणि मग धरलं एकमेकींना.

मला म्हणाली, "हाताला काय झालं?" म्हटलं मिरची.

१० जुलै

पहाटेचं पाणी भरायला सवयीने मीच उठलो. सु. झोपलेली. नंदा म्हणते आईचं घड्याळ अजून तिकडचं आहे, अडीच तास मागे.

ती उठली तोवर भाकऱ्या झालेल्या. मोरीपाशी उभी राहून बघत होती. मिठाचा डबा कुठे, तेल कुठे, सगळं बदललेलं. दुपारी तिने सगळं पहिल्यासारखं लावलं. संध्याकाळी मला मीठ सापडेना. रागावलो नाही. पण तिला विचारलंही नाही, सगळे डबे उघडत बसलो.

१५ जुलै

सु. आणि मी गिरगावात, हंसाबेनच्या खोलीवर. किरीटभाईंनी किल्ली तिच्याकडे दिली होती, जागा मालकाला परत द्यायची, त्याआधी सामान आवरायचं. दीड वर्ष बंद. तिने आधी खिडक्या उघडल्या. मग पदर खोचून झाडायला लागली. मी पितळेची भांडी पोत्यात भरत होतो.

झाल्यावर तिने तिथल्याच स्टोव्हवर चहा ठेवला. दूध नव्हतं. दोघं जमिनीवर बसलो. तिकडचं पहिल्यांदाच नीट बोलली.

"पहिला महिना मी पिशवी भरूनच ठेवली होती. रोज सकाळी वाटायचं, आज सांगते, मला परत पाठवा. विमानाची वेळ पण पाठ होती. मग हंसाबेन हाक मारायच्या, त्यांना उठवायचं असायचं. तेवढ्यात दिवस जायचा."

म्हटलं, लिहिलं नाहीस.

"लिहून काय? तुम्हाला पंधरा दिवसांनी मिळणार. तोवर माझं रडून झालेलं असणार, तुमचं सुरू होणार."

मग मी विचारलं. पासपोर्ट आल्यावर त्याचा नंबर मी तिकडे कळवला होता. किरीटभाईंनी तिच्याबरोबरच निरोप दिलाय, माझा तिथे काम करायचा परवाना पुढच्या महिन्यात येईल. दोन वर्षांचा. एकट्याचा. "तू सांग. जाऊ?"

"मी निघाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"हं. जा म्हणाला असतात तर राग आला असता. नको म्हणाला असतात तर राहिले असते. सगळं विमानभर तोच विचार करत होते, गप्प का बसला हा माणूस."

"मग आता तू पण गप्प बसणार?"

"नाही. मला वाटतं तुम्ही इथे असावं. आणि मला वाटतं इथे बसून तुम्ही झिजून जाल. दोन्ही खरं आहे. आता बघा तुम्ही."

चहा संपला होता. कप विसळून ते पण पोत्यात भरले.

१८ जुलै

संपाआधी अठरा वर्षं मी मागावर होतो. मला दुसरं काही करताना स्वतःची ओळख पटत नाही. हे सु.ला सांगितलं नाही, तिला दिसतंच.

पण आता नंदाच्या डब्याला काय लागतं, आबांची गोळी कुठली जेवणाआधी, कुठला नळ आधी येतो, हेही मला येतं. ते कुणाला देऊन जायचं? सु. म्हणेल मला. तिचंच होतं ते.

२ ऑगस्ट

परवाना आला.

नंदा अभ्यास करत होती. वर न बघता म्हणाली, "आता बाबा जाणार. मग आई राहणार ना?" पाण्याची पाळी कोणाची विचारावं तसं.

सु. पटकन म्हणाली, "राहणार." मग उठून गॅलरीत गेली.

९ ऑगस्ट

दत्ताराम सांगून गेला. गिरणीत गणपतीनंतर आणखी काही जणांना घेणार अशी बोलवा आहे. "टाइमकीपर म्हणाले, मोहनचं नाव असेल. नक्की नाही." म्हटलं, नक्की काय आहे तिथे? तो हसला. "तेही खरं. आमच्याच खात्यात रोज ऐकतो, आज बंद होणार, उद्या बंद होणार. तू जा. नाहीतर थांब. मला विचारशील तर मला तू इथे पाहिजेस, पण ते माझ्यापुरतं."

दिवसभर डंखावर डोक्यात तेच. चाळणीतून मसाला सांडला.

११ ऑगस्ट

मालकाला सांगितलं. जातो.

घरी आल्यावर सु.ला सांगितलं. तिने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, "तिकडे सकाळी पाणी बर्फासारखं असतं. एकदम हात घालू नका." आणि पीठ मळायला बसली.

१३ ऑगस्ट

फोर्टात, किरीटभाईंच्या एजंटकडे. सु. बरोबर आली, तिला सगळं माहीत. १९ तारखेचं विमान. टेबलामागचा पोरगेलासा माणूस भराभर सांगत होता, सहा तास, जेवण मिळतं, सामान वीस किलो. मग म्हणाला, "येतानाची तारीख?"

मी सु.कडे बघितलं.

तो म्हणाला, नसेल ठरली तर मोकळी सोडतो, पण तिकीट वर्षभरच चालतं. सु. म्हणाली, "परवाना दोन वर्षांचा आहे." तो म्हणाला, "मग एकेरीच काढू?" ती म्हणाली, "नाही. दुहेरी काढा. वर्षाच्या आत एकदा येऊन जातील." आम्ही हे बोललोच नव्हतो. तो म्हणाला, साहेब, तेच करू? म्हटलं, बाई सांगतात तेच.

खाली उतरताना ती जिन्यात थांबली. म्हणाली, "तिकडे रविवार फार मोठा असतो." एवढंच.

१५ ऑगस्ट

काल पिवळ्या तापाची सुई घेतली. दंड सुजला. आबांना समजावलं, चौथ्यांदा. ऐकतात, मान हलवतात, मग विसरतात.

गणपतीला पंधरा दिवस. दत्ताराम म्हणाला, तेवढे थांबला असतास. आयुष्यात गणपतीची आरती एकदाच चुकली होती, मला टायफॉईड झाला तेव्हा.

१८ ऑगस्ट

बॅग भरली. सु.ने निम्मा मसाला काढून ठेवला, वजन होतंय. नंदाने परत आत घातला. दोघींची त्यावरून बोलाचाली. शेवटी स्वेटर कमी केला, मसाला राहिला. वांजिरूसाठी सु.ने हिरव्या काचेच्या बांगड्या दिल्यात, कागदात, मध्ये कापूस. माप अंदाजाने.

दुपारी तिने मला डबे दाखवले. मीठ इथे, तेल इथे. म्हटलं मला कशाला? म्हणाली, "सवयीने."

कुसुमवहिनींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, श्रावण म्हणून. दत्ताराम फार बोलला, नेहमीसारखा नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

विमान दीडचं. साडेनऊला निघायचं. दत्ताराम टॅक्सी आणायला गेला. नंदा केस विंचरतेय, ती येणार विमानतळावर. सु. येणार नाही, आबांपाशी कोणीतरी पाहिजे.

अंघोळ करून आबांच्या पाया पडलो. त्यांनी हात धरला. नवे कपडे बघितले.

"खंय चललंस?"

"नैरोबीक. सुलू होती थंय."

"सुलू इली मां?"

"इली, आबा. कधीच इली. ही काय, उभी आसा."

आबांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं, हसले. मग परत माझ्याकडे.

"मगे तू कित्याक चललंस?"

सु. चहाचा कप घेऊन उभी होती. ती पण माझ्याकडेच बघत होती. वाटलं, तिलाही ऐकायचंय, का ते.

म्हटलं, बॅग बांधून येतो आणि सांगतो. इकडे येऊन हे लिहितोय, उभ्यानेच. बॅग कालच बांधलीय. खालून दत्तारामची हाक आली, टॅक्सी थांबलीय. आबा खाटेच्या कडेला येऊन बसलेत, वाट बघत.